अंगवळणी

'आकार' या आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची बारावी आवृत्ती आली त्या दिवशी आमच्या ऑफिसात जेवढ्या शिव्या ऐकू आल्या, तेवढ्या मी लहानपणी कळवणच्या आठवडी बाजारातसुद्धा ऐकल्या नव्हत्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच होत्या.

मी खोकी डिझाइन करते. हसू नका. परदेशी जाणारी द्राक्षं ज्या पुठ्ठ्याच्या पेट्यांतून जातात, त्यांची घडी कुठे पडायची, हवेची भोकं कुठे, झाकण कुठे अडकायचं, हे ठरवणारी बाई म्हणजे मी, हर्षदा खैरनार, मुक्काम नाशिक. माउस आणि कीबोर्ड आम्ही केव्हाच अडगळीत टाकले. आता दोन्ही मनगटांवर एकेक पट्टी असते. बोट हलवायचं म्हटलं की मेंदूकडून हाताच्या स्नायूंना विजेचा एक बारीकसा निरोप येतो. ही पट्टी तो कातडीवरूनच वाचते. अंगठा करंगळीला टेकवला की केलेलं रद्द, दोन बोटं वळवली की पेटी फिरली, मूठ उघडली की घडी उलगडली. वर्षानुवर्षं करून हे इतकं हातात बसलं होतं, की एकदा आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हा मी अंगठा करंगळीला टेकवून वाट बघत उभी राहिले होते.

बाराव्या आवृत्तीने सगळंच उलटंपालटं केलं. अंगठा-करंगळी म्हणजे आता दोन आकार जोडायचे. रद्द करायचं तर अनामिका दुमडायची. नवी पेटी उघडली की तिचे कोपरे आपोआप गोल यायचे आणि मापं इंचात. कुणी मागितलं होतं? पिंपळगावच्या एका गिऱ्हाइकाच्या पेट्या तशाच गोल कोपऱ्यांच्या निघाल्या आणि गोदामात एकावर एक रचल्यावर कलायला लागल्या. फोनवर त्या माणसाने माझी अशी काही बिनपाण्याने केली, की दिवसभर जेवण गेलं नाही.

"महिन्याभरात सवय होईल," आमचे बेंडाळे सर म्हणाले.

"तोवर द्राक्षं काय वेलीवर आपली वाट बघत थांबणारेत सर?"

"मग मी काय करू? अपडेट मी केलं का?"

पण कंपनीने आमच्यासारख्यांचा विचार आधीच करून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी पडद्यावर एक चौकट आली. नवीन सवयी लावून घेण्यासाठी झोपताना पट्टी काढू नका, बाकी आम्ही बघतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली 'सवयी जुळवून घ्या' असा पर्याय होता आणि त्यावर बरोबरची खूण आधीपासूनच होती. मी 'ठीक आहे' दाबलं. ऑफिसात सगळ्यांनीच दाबलं. ती खूण काढून टाकायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल असं मला वाटत नाही.

यामागचं शास्त्र मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते. दिवसभर हाताने जे केलं त्याची उजळणी मेंदू झोपेत करतो. सायकल, शिवण, टायपिंग, सगळं असंच पक्कं होतं. पट्टी ही उजळणी ओळखते आणि नेमक्या त्याच क्षणी मनगटातून बारीक विजेचे ठोके देते. नव्या खुणेची उजळणी चालू असेल तर ती घट्ट होते. एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. पण नवी सवय रुजायची तर तिच्या आड येणारी जुनी मोडावी लागते. म्हणून नव्या खुणांच्या जवळपास जाणारी, हाताला फार सवयीची असलेली जी जी हालचाल सापडेल ती पट्टी फिकी करत जाते. ती हालचाल डिझाइनची आहे की आणखी कशाची, हे पट्टीला कळत नाही. तिला फक्त एवढंच कळतं, की ही खूप जुनी आहे.

आठवड्यात आमचे हात भराभर चालायला लागले. बेंडाळे सरांनी पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरच्या सोनलला लेकीची वेणी घालता येईना, बोटं मधेच तिसरी बट सोडून द्यायची. तिने पोरीचे केस कापून आणले आणि म्हणाली, "चला, सकाळची कटकट गेली." आम्ही सगळे हसलो.

मग माझ्या घरी सुरू झालं.

घरी आम्ही दोघंच. मी आणि माझा थोरला भाऊ मुकुंद, म्हणजे अण्णा. अण्णा जन्मापासून बहिरा. बहिऱ्या मुलांची शाळा आमच्या गावापासून लांब होती आणि बापाला त्यात काही राम वाटला नाही, म्हणून अण्णा शाळेत गेलाच नाही. त्याला वाचता येत नाही, शहरातल्या बहिऱ्यांची खुणांची भाषा येत नाही. त्याला येते ती त्याने आणि आईने चुलीपुढे बसून केलेली भाषा. नाकाची पाळी चिमटीत धरली की आई. गालाखाली एकदा तळवा ठेवला की उद्या, दोनदा ठेवला की परवा. जिभेला बोट लावून ते झटकलं की तो माणूस थापाडा. तुम्हाला वाटेल, अशा भाषेत बोलून बोलून काय बोलणार? अहो, अण्णा त्यात चहाड्या करायचा, आमच्या मामाची नक्कल करायचा, देव आहे की नाही यावर माझ्याशी वाद घालायचा. मी तोंडाने बोलायच्या आधी हाताने बोलायला लागले असं आई सांगायची. आईवडील गेल्यावर ही भाषा बोलणारी जगात दोनच माणसं उरली. फोनवर खुणा वाचणारं एक अ‍ॅप आहे, ते मी एकदा अण्णापुढे धरलं होतं. 'खूण ओळखता आली नाही' एवढंच ते म्हणत राहिलं.

त्या दिवशी ऑफिसला निघताना मला एवढंच सांगायचं होतं, की उद्या आपण बाजारात जाऊ. हात उचलला, पण तो गालापर्यंत पोचलाच नाही. वाटेतच बोटं वळली आणि अनामिका दुमडली. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. अण्णाला वाटलं मी गंमत करतेय. त्याने माझ्या हाताची नक्कल केली आणि खो खो हसला.

पुढच्या काही दिवसांत एकेक खूण जात राहिली. खूण डोक्यात लख्ख दिसायची. अण्णाने केली की समजायचीही. पण माझा हात म्हणून ती करायचा नाही. 'जेवलास का' विचारायला जावं तर आकार जोडले जायचे, 'थांब' म्हणायला जावं तर पेटी फिरायची. मी चित्रं काढून बघितली. चित्रात वांगं दाखवता येतं, बस दाखवता येते. 'तू काल गप्प का होतास' हे कसं काढणार? मला त्या पट्टीचा, कंपनीचा, स्वतःच्या हातांचा इतका राग यायला लागला की मी भांडी आपटायला लागले. ती आपटलेली अण्णाला ऐकू येत नव्हती, पण तोंड दिसत होतं. त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडलेय.

मी पट्ट्या काढल्या आणि कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

पलीकडची बाई गोड होती. "मॅडम, तुम्ही जुन्या आवृत्तीच्या सवयी परत लावून घेऊ शकता. तो पर्याय आहे आमच्याकडे."

"म्हणजे माझ्या खुणा परत येतील?"

"जुने शॉर्टकट परत येतील मॅडम."

"शॉर्टकटला काय करू मी? माझ्या भावाशी बोलायच्या खुणा गेल्यात."

ती पडद्यावरचं काहीतरी वाचत असावी. "मॅडम, आमच्याकडे साठवलेला हात हा लाखो वापरकर्त्यांचा सरासरी हात असतो. तुमचा वैयक्तिक हात आमच्याकडे नाही." पुढे तिने मला विचारलं, की आजच्या सेवेबद्दल मी किती समाधानी आहे.

मेंदूचे डॉक्टर धामणे यांनी मला शास्त्र समजावून सांगितलं, ते वर आलंच आहे. पट्टी काढली म्हणून लगेच फरक पडणार नाही, असंही ते म्हणाले. "आता तुमचा मेंदू स्वतःहूनच नव्याची उजळणी करतोय. जुनं परत शिकावं लागेल, लहान मुलासारखं."

"किती दिवस लागतील?"

"ते तुमच्यावर आणि शिकवणाऱ्यावर आहे. शिकवणारं कोणी आहे?"

"आहे ना. ज्याची भाषा आहे तोच आहे."

मी पट्टी घालायला नकार दिल्यावर बेंडाळे सरांनी मला डिझाइनवरून काढलं आणि छापून आलेले नमुने तपासायला बसवलं. जाऊ दे म्हटलं. नोकरी काय, दुसरी मिळेल. अण्णाशी बोलायला तेवढं दुसरं कुणी मिळणार नव्हतं. मी गप्प झाले तर तो माणूस जगात एकटा पडणार होता, भर वस्तीत, चारचौघांत. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

रोज सकाळी मी आरशापुढे उभी राहायची. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने धरून वळवायची आणि खूण लावायची. सोडलं की बोटं पळून जायची. पुन्हा धरायची. अण्णा दारात उभा राहून बघायचा. मी त्याचा हात धरून आणायची, दाखव म्हणायची. सुरुवातीला त्याने दाखवलंही. मग त्याचं लक्ष उडायला लागलं. माझ्या हाताकडे बघून तो असा काही हसायचा, जसं मी जुने कपडे काढून घालत बसलेय.

शेवटी एका सकाळी जमलं. हात सरळ नाकाशी गेला आणि पाळी चिमटीत आली. आई. मी पुन्हा केलं, पुन्हा जमलं. पळतच बाल्कनीत गेले. अण्णा कोथिंबीर निवडत होता. मी त्याच्यापुढे बसले आणि खूण केली. आई. आई, अण्णा.

त्याने कौतुकाने बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून. हातातली कोथिंबीर खाली ठेवली, माझा हात नाकापासून हळूच खाली आणला, बोटं एकेक करून सरळ केली आणि अंगठा करंगळीला टेकवला. माझ्याकडे बघून मान डोलवली. हे असं.

मला काही उमजेना. तेव्हा त्याने मला समजावलं. आधी जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं, जिथे आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करायची. मग पडद्याकडे. मग हवेत हात हलवून माझी नक्कल केली. मग स्वतःच्या छातीवर थाप मारली. आणि मग त्याचे दोन्ही हात चालायला लागले. जोडा. रद्द करा. फिरवा. घडी उलगडा. मापं दाखवा. एकही खूण चुकीची नव्हती. आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांनाही इतकी सफाई नाही.

मी पडद्यापुढे बसून हात हलवायची ते काम आहे, हे अण्णाला कधीच माहीत नव्हतं. त्याच्या लेखी हात हलवणं म्हणजे बोलणं. त्याला इतकी वर्षं वाटत होतं, की आपली बहीण पडद्यातल्या लांबच्या, मोठ्या लोकांशी बोलते. आपल्याला न येणाऱ्या भाषेत. आणि मग एक दिवस त्या भाषेत ती आपल्याशी बोलायला लागली. त्याला केवढा आनंद झाला असेल. मी भांडी आपटायची ती आपल्याला ही भाषा लवकर येत नाही म्हणून, असं त्याने धरलं. म्हणून तो मन लावून शिकला. माझ्याकडून निसटलेल्या प्रत्येक खुणेला त्याने त्या त्या वेळी जे समोर होतं त्यावरून अर्थ लावला आणि चुलीपुढची भाषा सोडून दिली. गावाकडचं माणूस शहरात आलं की बोली सोडतं, तशी.

मी रडायला लागले. त्याला वाटलं आनंदाने रडतेय. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढे घरात बोलणं पुष्कळ व्हायचं, पण एकाच बाजूने. अण्णा खूप बोलायचा. मी अर्थ लावत बसायची. मूठ उघडणं म्हणजे बहुतेक दूधवाला, असं ठरवावं, तर दुसऱ्या दिवशी तो तीच खूण आकाशाकडे बघून करायचा. मी त्याच्यापुढे जुन्या खुणा केल्या की तो समजून घ्यायचा, पण उत्तर नव्यातच द्यायचा, आणि माझी खूण प्रेमाने दुरुस्त करायचा. मी मान डोलवायला लागले. परक्या पाहुण्याच्या बोलण्याला डोलवतो तशी. मला वाटलं, हळूहळू त्याची ही नवी बोलीही शिकेन. आपल्याला घाई काय आहे? घरातलंच तर माणूस आहे.

एका मंगळवारी तो स्वयंपाकघरात येऊन बसला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. एकदा पोटाला हात लावला. मला वाटलं भूक लागली. मी थालीपीठ लावून दिलं. त्याने ते खाल्लं, मी दिलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगणं. चेहऱ्यावर काही नाही. अण्णा कण्हणाऱ्यातला नव्हताच. त्याला काही दुखलं तर तो कधीपासून, कुठून कुठे, काय खाल्ल्यावर, असं सविस्तर सांगायचा, एखादी हकीकत सांगावी तसा. मी मान डोलवत भाकरी थापत होते.

गुरुवारी तो मोरीत पडला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती. तिने पोट दाबून बघितलं आणि माझ्याकडे वळली. "कधीपासून दुखतंय, विचारा त्यांना."

मी विचारलं, जसं जमलं तसं. अण्णाचे हात उठले. खुणा स्वच्छ. फिरवा, जोडा, जोडा, रद्द करा, माप दाखवा. डॉक्टर, नर्स, सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणतायत?"

"मला कळत नाही."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"सख्खी बहीण."

तिने नर्सला रक्त घ्यायला सांगितलं. तपासण्या झाल्या. आतडं फुटून विष पोटभर पसरलं होतं. "दोन-तीन दिवस तरी दुखत असणार," ती म्हणाली. "काहीच सांगितलं नाही का त्यांनी?"

"सांगितलं," मी म्हणाले. "रोज सांगितलं."

पोट उघडावं लागणार होतं. मी अण्णाला बोटाने पोटावर रेघ मारून दाखवलं, मग डोळे मिटून झोपल्याचं. त्याला समजलं. तो घाबरला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला असं घाबरलेलं बघत होते. स्ट्रेचर आत न्यायला लागले तेव्हा त्याने माझी ओढणी धरली आणि एक खूण केली. चारी बोटं मिळवून अंगठ्यावर दोनदा टेकवली. आमच्या कामात याचा अर्थ, सगळ्या रेषा एका ओळीत लावा. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या, म्हणजे तो काहीतरी विचारत होता. भुवया तेवढ्या त्याने बदलल्या नव्हत्या. मी नुसतीच बघत राहिले तर त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तीच खूण. वॉर्डबॉय म्हणाला, "ताई, सोडा आता."

मला कळत नाही, असं मान हलवून सांगितलं असतं, तर तो तसाच घाबरलेला आत गेला असता. मी हात उचलला, चारी बोटं अंगठ्यावर दोनदा टेकवली आणि मान डोलवली. हो. हात जराही अडला नाही. अण्णाचा चेहरा निवळला. त्याने ओढणी सोडली. दारं बंद झाली, आणि तो त्यातून जिवंत बाहेर आला नाही.

दहाव्याला आम्ही गोदेवर होतो. मावसभाऊ हेमराजने पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, "जीव कशात तरी अडकलाय. काही इच्छा राहिली असेल, शेवटी काही मागितलं असेल, तर हात जोडून बोला. पूर्ण करू म्हणा."

हेमराज माझ्याकडे वळला. "ताई, शेवटी तूच होतीस जवळ. काय मागितलं होतं अण्णाने?"

"मागितलं होतं," मी म्हणाले. "मी हो म्हणाले."

"मग बोल ना. काय ते?"

सगळे थांबले होते. मी पिंडापुढे गेले, हात पुढे केला आणि चारी बोटं अंगठ्यावर दोनदा टेकवली. पुन्हा केलं. परत परत करत राहिले, हेमराज मला मागे ओढेपर्यंत. कावळे झाडावरच बसून होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळ्यांना चपला घालायला सांगितल्या.